घड्याळाचं प्रमाणपत्र

गुरुवारी रेडिओवर सातचे ठोके पडले, तेव्हा निवृत्त तहसीलदार सामंतांच्या मनगटावर सात वाजून दहा मिनिटं आणि तीन सेकंद झाले होते.

सामंत खवळले. एवढं महागडं स्विस घड्याळ! प्रमाणपत्र म्हणतं, पंधरा दिवस उलटंसुलटं करून, थंडी-उन्हात तपासलंय; दिवसाला चार-सहा सेकंदांपलीकडे चुकायचं नाही. “त्या दुकानदाराला सोडत नाही!”

“त्याला कशाला? रविवारी मीच दहा मिनिटं पुढे केलंय,” पोळी लाटता लाटता बायको म्हणाली. “भिंतीवरचं पुढे असतं हे कळल्यापासून सगळीकडे उशिराच पोचता तुम्ही.”

म्हणजे चार दिवसांत घड्याळाची चूक अवघी तीन सेकंदांची! सामंतांचा राग पार विरघळला. पेन काढून त्यांनी प्रमाणपत्रावर शेरा मारला: ‘खरे आहे. अधिक दहा मिनिटे, सौ.च्या आदेशावरून.’