माहेरचं नाव
लॅपटॉपवर आकाशाचे फोटो पुढेमागे करताना तांदळाच्या कणीएवढा ठिपका सरकलेला आधी तिलाच दिसला होता. मंगळ आणि गुरूच्या मधला नवा लघुग्रह! "शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही," नवरा म्हणाला. "म्हणून शोध माझ्या नावावर पाठवू. मग मी त्याला तुझं माहेरचं नाव देईन. शेवंती!" लग्नात ताटभर तांदळात अंगठीने लिहून त्यानेच तिची हर्षिता केली होती. ती हरखली, शोधावरचा हक्क सोडून बसली. कक्षा पक्की व्हायला वर्षं गेली. आज नायगावच्या चाळीत सासूबाई पेढे वाटत होत्या. लघुग्रहाचं नाव जाहीर झालं होतं: हर्षिता. "तुझंच आहे की! शेवंती जरा गावंढळ वाटतं गं," नवरा हसला. केसाने गळा कापला होता त्याने. लालबागहून वडिलांचा फोन आला. "बातमी दोनदा वाचली गो. आपली शेवंती खंय?"