पाटावरचं नाव

नवी पेठेतून आणलेला लाकूड डागायचा पेन उत्कर्षाने आज पहिल्यांदाच तापवला. वाढदिवसाला लेकीला ज्या पाटावर ओवाळायचं, त्यावर तिला ‘वैदेही’ लिहायचं होतं. काठाने जाईची वेल वळत वळत छान उमटली. पण ‘वै’ काही उमटेना. पेन लाल, लाकूड पांढरंच.

“आई गं!” आत निजलेली वैदेही ओरडली. “पाठीला चटका बसला की!”

“मुंगी चावली असेल. झोप बघू.”

तिने जोर देऊन ‘दे’ गिरवला. पाटातून धूर निघाला नाही. करपल्याचा वास आतून आला.

पेनची पिन सॉकेटमधून उपसून ती धावली. लेकीचा झगा वर केला. कोवळ्या पाठीवर तिच्याच वळणाची दोन काळी अक्षरं होती.

तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं. तिच्या तळहाताखाली पाठ पुन्हा तापायला लागली.