शंभर टक्के हजर

कॉलेजचा ऑनलाइन वर्ग चालू असताना दर दहा मिनिटांनी फोन टुणकन वाजे आणि पडद्यावर हिरवं बटण लुकलुके. ते तीस सेकंदांत दाबलं नाही की देवेशची गैरहजेरी. पंच्याहत्तर टक्के हजेरी नाही, तर परीक्षा नाही. देवेश त्या वेळी घोडबंदर रोडच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमनच्या ड्युटीला असे. म्हणून वर्षभर बटण दाबायचं काम त्याच्या आईकडे, तुळसाकडे होतं. तिने भाकऱ्या करपू दिल्या, पण बटण कधी चुकवलं नाही.

दाबता दाबता तिला ऐकायचीही खोड लागली. आज मॅडम मिठागरांवर शिकवत होत्या. तुळसाने तवाच उतरवून ठेवला.

"मीठ पिकवण्याआधी वाफ्याची जमीन कशी तयार करतात?" मॅडमनी विचारलं. एकशे बारा मुलं हजर होती. कुणी हूं की चूं केलं नाही.

"अरे, एक तरी बोला रे! वर्षभर भिंतीशी बोलतेय मी." मॅडमनी हजेरीची यादी उघडली. "देवेश, तुझी हजेरी शंभर टक्के. सगळ्या वर्गात तू एकटाच असा. तू सांग."

पडद्यावर माइकचं चित्र असलेलं वेगळंच बटण लुकलुकलं. लुकलुकेल ते दाबायचं, एवढंच तुळसाला ठाऊक. तिने दाबलं. पलीकडे मॅडम वाट बघत राहिल्या आणि तुळसाला त्या बाईची फार दया आली.

"पायानी तुडवाचा, मॅडम," ती म्हणाली. "कडक होईपर्यंत. माजा बापूस तुडवी. मी पन तुडवलाय."

"अगदी बरोबर!" मॅडम हरखून म्हणाल्या. मग थबकल्या. "पण... आपण कोण?"

"देवेशची आये."

मॅडम पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज पार उतरला होता. "आई, वर्गाचं रेकॉर्डिंग थेट विद्यापीठात जातं हो. माझ्या हातात काही नाही. त्याची वर्षभराची हजेरी रद्द होणार."

पडद्यावरून देवेशचं नाव गेलं. फोन पुन्हा वाजेल म्हणून तुळसा तो हातात धरून बसली. तो वाजला नाही.

संध्याकाळी देवेश घरी आला. बूट काढता काढता त्याने रोजच्यासारखं विचारलं, "आये, आज एक पन चुकला नाय ना?"

"नाय रं," तुळसा म्हणाली. "उत्तर पन बरोबर आला."