पहिली मूठ

"घरातल्या सर्वांत लहान हातानं पहिली मूठ पडू द्या," प्रभाकरराव म्हणाले, आणि अंगणातला गलका एकदम बसला.

बंडूजींच्या घरात लहान हात नव्हता. सगळ्या नाचणगावाला ते माहीत होतं. वर्ध्याहून उद्घाटनाला आलेल्या प्रभाकररावांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

नियम खुद्द बंडूजींचाच. कोरियातल्या लढाईनं पोरक्या झालेल्या लेकरांसाठी त्यांनी समिती काढली होती. घरोघरी एक मडकं ठेवायचं, घरातल्या लेकरानं रोज त्यात मूठभर ज्वारी टाकायची आणि ती विकून येईल ते समुद्रापार पाठवायचं. लेकराच्या हातानं दिलेलं लेकराला पोचतं, असं ते म्हणत. मोठ्यांचा हात आत जाऊन ज्वारी बाहेर येऊ नये म्हणून कुंभाराकडून मडक्यांचा गळा मुद्दाम अरुंद करून घेतला होता. सगळा विचार केला होता माणसानं. शुभारंभ आपल्याच अंगणात ठेवताना मात्र आपल्या घराचा विचार करायचा राहिला.

"शेजारचं एखादं पोट्टं आण ना," ते बायकोच्या, शोभाबाईच्या कानाशी कुजबुजले.

शेजारच्या शकुंतलाबाईच्या कडेवर पोरगी होती. शोभाबाई हात पसरून तिच्याकडे गेली. शकुंतलाबाईनं पोरीवर पदर ओढला.

"झोपली हाये वं ते," ती म्हणाली.

पोरगी पदराच्या फटीतून टक्क पाहत होती.

पसरलेले हात मागे कसे घ्यायचे हे शोभाबाईला पाठ होतं. बारशात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात ती ते शिकली होती. पण आज सारं गाव पाहत होतं, आणि तिला राग आला. चांगलाच आला. ती वळली, सुपातली ज्वारी मुठीत घेतली आणि मडक्यापुढे जाऊन बसली.

"या घरात लाहान मीच हावो," ती म्हणाली. "नऊ वर्साची होती मी, इथं आली तवा."

कुणी काही म्हणायच्या आत तिनं हात मडक्यात घातला. रेटूनच घालावा लागला. कालच भरलेल्या हिरव्या बांगड्या, कासारणीनं पंजा दाबून दाबून चढवलेल्या. हाताच्या मागोमाग त्याही आत गेल्या. टाळ्या झाल्या. तिनं हात ओढला. बांगड्या आतून आडव्या होऊन गळ्याशी बसल्या आणि हात येईना.

आधी लोक हसले. मग सासू तेलाची वाटी घेऊन आली. तेल मनगटावरून ओघळून ज्वारीत गेलं, हात होता तिथंच राहिला.

"फोडा ना जी ते मडकं," मागून कुणी तरी म्हणालं.

"छे छे! समितीचं पहिलं मडकं, ते आजच फोडायचं?" प्रभाकरराव म्हणाले. "बांगड्या काय, काचेच्या आहेत. उद्या दुसऱ्या भरता येतील."

सासू कडाडली. "माह्या लेकाच्या नावाच्या बांगड्या हायेत त्या! त्याले समोर बसवून फोडता काय? जित्ता हाये तो!"

सगळे बंडूजींकडे पाहू लागले. तासाभरापूर्वीच्या भाषणात त्यांनी शकुन-अपशकुन मानणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली होती. आता बोला म्हणावं. बंडूजींनी मडक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, उपरण्यानं कपाळ पुसलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मडक्याच्या काठानं बायकोचं मनगट लालभडक झालं होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"कार्यक्रम होऊ द्या," शेवटी ते म्हणाले. "मंग पाहू."

झालं. शोभाबाईला मडक्यासकट पाटावर बसवलं. मडक्याला हार घातला. प्रभाकरराव बोलायला उभे राहिले. दूरदेशीची ती लेकरं, ज्यांना हाक मारायला कुणी नाही, ज्यांच्याकडे पाहायला कुणी नाही, असं ते फार छान बोलत होते. बायांचे डोळे पाणावले. शकुंतलाबाईनंही डोळ्यांना पदर लावला, तशी तिची पोरगी उघडी पडली आणि मडक्यात हात घातलेल्या बाईकडे पाहून हसली.

शोभाबाईला गळा काढून रडावंसं वाटत होतं. बोटांत मुंग्या आल्या होत्या. उठता येत नव्हतं, कारण उठायचं तर मडकं उचलून उठावं लागणार होतं.

"बाई, जरा इकडे पाहा. हसा," फोटोवाला म्हणाला. फोटो समितीच्या नावानं समुद्रापार जायचा होता. ती हसली. प्रभाकररावांना ते फार आवडलं. देणारा हात कसा शोभून दिसतो, ते म्हणाले.

फोटो झाल्यावर बंडूजी तिच्याशेजारी वाकले. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता इतकंच.

"तू मूठ धरून बसली असशीन," ते हळूच म्हणाले. "म्हणून हात येत नसन. सोड ना वं मूठ."

शोभाबाईनं मान वर केली.

"मूठ तं मी केव्हाचीच सोडली," ती म्हणाली, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी. "अडकलं हाये ते तुमच्या नावाचं."