पाचवी वाटी

"पहिली वाटी म्हणजे मुळीच नाही, पाचवी म्हणजे अगदी हो," पोकुआने पुन्हा समजावलं. "मधल्या तीन, ज्यांचं मन हेलकावे खातं त्यांच्या. मी वाक्य वाचते, नाना. तुम्ही बी टाका."

कुमासीच्या दवाखान्याच्या ओसरीत बाकावर इनॅमलच्या पाच वाट्या ओळीने मांडल्या होत्या. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांना पोकुआ एवढंच विचारत होती: दुसरा झटका टाळायच्या चार गोळ्या एकाच गोळीत आल्या, तर घ्याल का? तशी गोळी अजून आली नव्हती. आधी लोकांचं मन मोजायचं होतं.

नाना आंत्वीची वाचा गेली होती, उजवी बाजूही गेली होती. लाकडाच्या वखारीत एके काळी ज्या हाताला गडीमाणसं दबकत, तो हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडला होता. शेजारी त्याची बायको दुफिये बसली होती. तिच्या नाकाचं हाड त्याच हाताने वाकडं केलं होतं.

आंत्वीने डाव्या हाताने ताडाची बी उचलली आणि तो अडखळला.

"डाव्या हाताची लाज नको, नाना," पोकुआ म्हणाली. "थोरांपुढे मी डावा केला, तर आई अजून चापट मारते मला. म्हणते, तोंडावर थुंकलीस त्यापेक्षा वाईट. पण दुखण्याला माफी असते."

तिने वाचलं, "मोठी गोळी घशात अडकेल, अशी मला भीती वाटते."

बी पहिल्या वाटीत वाजली.

"अख्खी बकरी उतरलीय याच्या घशातून, गोळी काय अडकतेय!" दुफिये म्हणाली. रांगेतल्या बायका खिदळल्या.

पोकुआने पुढचं वाक्य वाचलं, "मला माझ्या सगळ्या गोळ्या रोज मिळतात."

आंत्वीने पहिल्या वाटीत बी टाकली. मग दुसरी बी उचलून तिथेच टाकली. मग तिसरी. नजर मात्र दुफियेवर होती.

"माये, नाना म्हणतायत मिळत नाहीत."

"डोकं फिरलंय त्याचं. माझ्याच हाताने देते मी रोज."

त्याने वाटी कधी उचलली, ते कुणाला दिसलंच नाही. तिची कड दुफियेच्या भुवईवर बसली आणि कातडी उसवली. ती खाली कोसळली, तसा तो तिच्यावर पडला. डाव्या हाताची बोटं तिच्या गळ्यात रुतली. रक्त तिच्या डोळ्यात, कानात उतरत होतं. मग दुफियेने मान वळवली आणि त्याच्या मनगटात दात रोवले. आंत्वी गुरासारखा हंबरला. तरी तिने सोडलं नाही. रांगेतल्या दोघांनी त्याला ओढून काढलं, तेव्हा तिच्या ओठांवरचं रक्त कुणाचं, ते सांगता आलं नसतं.

झटापटीत तिच्या पदराची गाठ सुटली होती. सांडलेल्या बियांमध्ये पांढऱ्या गोळ्या विखुरल्या होत्या, मूठभर.

पोकुआ गुडघ्यांवर बसली. एक गोळी तिने उचलून पाहिली.

"माये, ही रक्तदाबाची. ही चुकली, तर दुसरा झटका येतो. गोळ्या देताना सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस," दुफिये म्हणाली. "म्हणूनच तर हीच काढून ठेवली."

आंत्वी बाकाला टेकून धापा टाकत होता. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. पोकुआने कापसाचा बोळा दुफियेच्या भुवईवर दाबला.

"चल, आत जाऊ. टाके घालावे लागतील."

"थांब. तुझ्या कागदावर माझं एक वाक्य होतं ना? शुश्रूषा करणाऱ्याचं. वाच."

"माये, आता कशाला..."

"वाच, पोरी."

पोकुआने कागद उचलला. "सगळी औषधं एकाच गोळीत असली, तर द्यायला मला बरं पडेल."

दुफियेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा डावा हात, दातांचे वळ घेऊन, फरशीवर उघडा पडला होता.

"एकाच गोळीतून ही पांढरी वेगळी काढता येणार नाही," ती म्हणाली. "द्यायची तर सगळी, नाहीतर काहीच नाही."

"हो, माये."

तिने उजव्या हाताने फरशीवरची एक बी उचलली. तो हात धड होता. क्षणभर तिने बी मुठीत धरली, मग डाव्या हातात घेतली आणि नवऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून, त्याच्या तोंडासमोरून हात नेत पाचव्या वाटीत टाकली.

पोकुआने लिहिलं: अगदी हो. कोणत्या हाताने, ते लिहायला कागदावर रकाना नव्हता.