बर्फातली आगगाडी

देवांशच्या शाळेने बर्फ कापत जाणाऱ्या आगगाडीचा व्हिडिओ करून आणायला सांगितला होता, आणि इथे दुबईच्या अल नहदात बाहेर पंचेचाळीस डिग्री. नातू रडकुंडीला आला, तेव्हा मी सुनेच्या फ्रीजरमधलं खोवलेलं खोबरं परातीत पसरलं. खेळण्यातलं इंजिन त्यात असं घुसलं की देवांश ओरडला, "आजोबा, मोर स्नो!"

शूटिंग खलास झाल्यावर मी खोबरं गुपचूप डब्यात भरलं. सून सुनेत्राने सारणासाठी डबा उचलून नेला, आणि मग देवांश म्हणाला, "आजोबा, वन व्हील इज मिसिंग."

त्या दिवशी संकष्टी होती. मोदक खायला मुलाचे साहेब येणार होते. नैवेद्य दाखवण्याआधी मोदकाचा वाससुद्धा घ्यायचा नाही, असा सुनेत्राचा दंडक. तिला चाकाचं सांगायची माझी छाती झाली नाही. साहेबांनी चांगले सात मोदक हाणले. त्यांच्या प्रत्येक घासाला मी एक डोळा त्यांच्या दातांवर आणि एक गणपतीवर ठेवून बसलो होतो.

साहेब गेल्यावर सुनेत्राने धुतलेलं चाक माझ्या हातावर ठेवलं.



"बाबा, सारण करतानाच सापडलं होतं. तुमच्या बर्फाला गूळ मात्र जरा जास्त लागला."