पोस्टरवरचा मामा

मी आरोग्य संवाद या विषयात एम.ए. करते. शेवटच्या वर्षी एक जनजागृतीची मोहीम उभी करावी लागते. मी टीबीची निवडली. खरा रुग्ण चेहरा दाखवायला तयार होईना, म्हणून माझ्या शिंपी मामाला पकडलं. चांगला ठणठणीत माणूस. "भाचीसाठी एवढंही नाही करायचं?" म्हणत त्याने कडक इस्त्रीचा शर्ट चढवला.

भिंतीभिंतीवर:
"मला टीबी आहे. मी सांगतो. तुम्हीही सांगा."

दुकानात:
"या विदुषीबाई! पोचला बरं तुमचा संदेश," मामी म्हणाली. "गिऱ्हाइकं दारातूनच तोंडाला रुमाल लावतात. माप द्यायला कुणी आत येईल तर शपथ!"
"अगं, ती काय मुद्दाम करते का?" मामा म्हणाला. "मी सांगतोय ना एकेकाला, तो नुसता फोटो आहे म्हणून."

विभागात:
"सर, पोस्टर काढूया. मामाचा धंदा बसतोय."
"वेडी आहेस का? लोक चेहरा ओळखतात, त्यावर बोलतात. मोहीम यशस्वी झाली की! मूल्यमापन होईपर्यंत एकाही पोस्टरला हात लावायचा नाही."
मी दात-ओठ खात बाहेर पडले.

काल मामाने मला कपडे बदलायच्या पडद्यामागे बोलावलं आणि आवाज खाली आणला.



"महिना झाला, खोकला जात नाहीये गं. पण तपासायला कुठल्या तोंडाने जाऊ? मला काही झालेलं नाही, असं सगळ्यांना शपथेवर सांगून बसलोय."